‘लवचीक वाहक’ म्हणजे केवळ वायर रोप, की साखळीही?

धागाकर्ता (होइस्ट उत्पादक, अंबड)

आमच्या साखळी होइस्टमुळे (साखळीने भार उचलणाऱ्या यंत्रामुळे) पेटंटभंग होत असल्याची नोटीस एका कंपनीने पाठवली आहे. त्यांच्या पेटंटातील पहिला दावा (हक्काची मर्यादा सांगणारे कलम) थोडक्यात असा : भार पेलणारा लवचीक वाहक, त्याचे स्थिर टोक, आणि त्या टोकाशी फिरू शकणाऱ्या बैठकीवर बसवलेला लोडसेल (भार मोजणारा संवेदक). स्पेसिफिकेशनमध्ये (पेटंटातील शोधाच्या लेखी वर्णनात) मात्र सर्वत्र वायर रोपच (तारांचा पिळलेला दोरच) आहे. भार येताच रोपचा पीळ उलगडू पाहतो, ते वळण लोडसेलवर येते आणि वजन चुकीचे दिसते. ही अडचण दूर करण्यासाठीच शोध लावल्याचे त्यात लिहिले आहे. साखळीला असा पीळच नसतो. तिरकी ओढ आली तरी भार लोडसेलवर सरळ यावा, एवढ्यासाठीच आमची बैठक गोलाकार आहे, अर्थात ती फिरूही शकते. चौथ्या दाव्यात ‘वाहक वायर रोप आहे’ असे स्वतंत्रपणे म्हटले आहे, हेही नमूद करतो. जी अडचण साखळीत उद्भवतच नाही, तिच्या उपायावरील हक्क साखळीपर्यंत कसा पोहोचतो?

प्रतिसाद १ (पेटंट एजंट, नाशिक)

चौथा दावाच आपल्या विरोधात जातो. पहिल्या दाव्यातील वाहक म्हणजे केवळ रोपच असता, तर चौथा दावा लिहिण्याचे कारणच उरले नसते. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १० नुसार शोधाची व्याप्ती दाव्यांनी ठरते, आकृत्यांनी नव्हे. ब्रिटनमधील कॅटनिक प्रकरणात लिंटेलची (दार-खिडकीवरील आडव्या तुळईची) मागील पट्टी ‘उभी’ असावी असे दाव्यात होते. प्रतिवादीची पट्टी काही अंशांनी कललेली असूनही भंग मानला गेला. तुमच्या होइस्टमध्येही ताण स्थिर टोकाशीच मोजला जातो. चार फॉलच्या (भार पेलणाऱ्या चार पदरांच्या) रोपवर १० टन उचलताना, घर्षण आणि हुकब्लॉकचे (हुक बसवलेल्या पुलीच्या भागाचे) वजन सोडल्यास, त्या टोकावर २.५ टन येतात. दोन फॉलच्या साखळीवर २ टन उचलताना १ टन येतो. तत्त्व एकच आहे.

प्रतिसाद २ (डिझाईन अभियंता, सातपूर)

कॅटनिकचा आधार येथे उलटा लागू होतो, असे माझे ठाम मत आहे. त्या पट्टीचा कल कामावर जवळजवळ परिणाम करत नव्हता, म्हणून जाणकार वाचकाला काटेकोर उभेपणा अपेक्षित वाटला नसता, असे तेथे ठरले. येथे जाणकार वाचक, म्हणजे होइस्ट बांधणारा आपल्यासारखा माणूस, स्पेसिफिकेशन वाचताच ओळखेल की फिरती बैठक रोपच्या पिळासाठी आहे. स्थिर टोकाला ताण मोजणे हे साधे स्थितिशास्त्र आहे. शोध असलाच तर तो पीळ निष्प्रभ करण्यात आहे. कलम १०(५) नुसार दावे प्रकट केलेल्या माहितीवर न्याय्यपणे आधारलेले असावे लागतात. ‘वाहक’ साखळीपर्यंत ताणला, तर अर्जाच्या तारखेआधीचे साखळी होइस्टही दाव्याच्या नावीन्याला आव्हान म्हणून उभे राहतात, आणि त्यांपैकी एकात जरी अशी बैठक आढळली तरी कलम ६४ खाली पेटंटच रद्द होऊ शकते.

प्रतिसाद ३ (पेटंट एजंट)

तसा होइस्ट सापडेपर्यंत तो केवळ युक्तिवाद आहे. धागाकर्त्यांनी प्रथम पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून परीक्षण अहवाल आणि अर्जदाराची उत्तरे काढावीत. आक्षेप टाळताना त्यांनी ‘आमचा शोध रोपपुरता आहे’ असे लिहून दिले असेल, तर माझे म्हणणे मी मागे घेईन. तसे नसेल, तर कलम १०५ खाली पेटंटधारकाला पूर्ण तपशील देऊन भंग नसल्याची लेखी कबुली मागता येते, आणि नकार किंवा मौन आल्यास न्यायालयाकडून तशी घोषणा मागता येते.

धागाकर्ता

अहवाल आजच काढतो. पूर्ण तपशील देणे म्हणजे बैठकीचे ड्रॉइंग स्पर्धकाच्या हाती देणे, त्यामुळे कलम १०५ कडे आताच वळणार नाही. ज्यांच्याकडे जुन्या साखळी होइस्टचे दिनांकासह छापील कॅटलॉग असतील, त्यांनी कृपया कळवावे.