पाच फुटी सवारो पिवळा पडतोय, पाणी वाढवू का?

चँडलरची_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. ॲरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला राहते. मार्चमध्ये पुढच्या अंगणात सवारो, म्हणजे इथला खांबासारखा उंच निवडुंग, लावून घेतला. (स्पेलिंगवरून सग्वारो वाटतो, पण इथे सगळे सवारोच म्हणतात.) पाच फुटांचा, अजून हात न फुटलेला सरळ दांडा. रीतसर विकत घेतलाय, कृषी खात्याचा टॅग अजून अंगावर आहे. लावायला दोन माणसं आली होती. दीड फुटावर कुदळ कलीचीला अडली. कलीची म्हणजे चुनखडीचा दगडासारखा घट्ट थर. तो जेमतेम फोडून त्यांनी झाड उभं केलं, दोन लाकडी टेकू दिले आणि गेले.

आता जून. आठ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइटच्या वर जातोय. झाडाची नैऋत्येकडची बाजू शेंड्यापासून खाली हातभर वाळक्या कडब्यासारखी पिवळी पडली आहे. लावलं तेव्हा दोन शिरांमधल्या खाचेत माझी दोन बोटं मावायची, आता एक जेमतेम जातं. बुंध्याची माती मात्र ओलसर लागते. दोन फुटांवर बोगनवेल आहे, तिचं ठिबक रोज पहाटे वीस मिनिटं चालतं.

सासूबाई म्हणतात तहानलंय, रोज बादलीभर घाल. शेजारी म्हणतो हात लावू नकोस. बारा वर्षांत चार भाड्याची घरं झाली, हे पहिलं स्वतःचं. अंगणात इथल्याच मातीतलं काहीतरी हवं म्हणून हे झाड आणलं. माझ्या हातून जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

टूसॉनचे_काका

ताई, आधी ठिबक बंद करा. बाकीचं नंतर वाचा.

खाचा मिटल्या याची काळजी नको. सवारोचं अंग लोहाराच्या भात्यासारखं असतं, पाणी मिळालं की फुगतं, नसलं की मिटतं. काळजी त्या ओलीची आहे. झाड उपटताना मुळं तुटतात, आणि तुटलेलं मूळ ओल्या मातीत कुजतं. त्यात तुमच्याकडे खाली कलीची, म्हणजे पाणी निचरायला वाटच नाही. हात न लावण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला बराचसा बरोबर आहे. पाऊस नसेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, बुंध्यापासून लांब, भरपूर पाणी द्या. थंडीत अजिबात नको.

आज संध्याकाळी बुंधा अंगठ्याने दाबून पाहा. कडक लागला तर निभावलं. मऊ लागला, काळपट डाग असला, त्यातून काळं वासाचं पाणी येत असेल तर ती जिवाणूंची कूज. तसं असेल तर स्वच्छ सुरीने निरोगी गर लागेपर्यंत कोरून काढायचं. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी या मिश्रणाने जखम धुवायची आणि उघडी ठेवायची. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचतं. माती किंवा सिमेंट भरायचं नाही. लोक मायेने भरतात आणि आत सगळं सडतं.

पिवळेपणा उन्हाने भाजल्याचा दिसतोय. पूर्वीच्या जागी दक्षिणेकडे असलेली बाजू नव्या जागीही दक्षिणेकडेच लागते. ती कातडी उन्हाला सरावलेली असते, उत्तरेची नसते. दक्षिणेची बाजू कळावी म्हणून अंगावर कुठे रंगाची खूण केली आहे का बघा. चुकीची फिरली असली तरी आता पुन्हा उकरू नका. ५० टक्क्यांचं शेडनेट नैऋत्येला बांधा, सप्टेंबर संपेपर्यंत राहू द्या. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होणार नाही, तिथे खपली धरेल. झाड त्याने मरत नाही.

मागे सिमेंटची भिंत आहे का? असेल तर ती रात्रभर उष्णता सोडते. सवारोची रंध्रं रात्री उघडतात. रात्र निवली नाही तर त्याला विसावा मिळत नाही. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० किंवा त्याच्या वर गेला. त्या उन्हाळ्यात जुने, मोठे सवारोसुद्धा हात गळून कोसळले. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात हो.

आणखी एक. हलवलेला सवारो अंगातल्या पाण्यावर वर्ष-दोन वर्षं हिरवा राहू शकतो. लगेच जगला असं धरू नका.

पुणे_गच्ची

विषय निघालाच आहे तर, ऑक्टोबरमध्ये भावाकडे फिनिक्सला येतोय. बोटभर रोप पुण्याला आणता येईल का?

टूसॉनचे_काका

नाही, कृपया नको. जवळपास सगळे निवडुंग साइट्स करारात (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) येतात, कागदपत्रांशिवाय सीमेपार नेता येत नाहीत. रानातून उपटणं तर गुन्हाच. चोरीला आळा बसावा म्हणून इथल्या सवारो राष्ट्रीय उद्यानात झाडांना मायक्रोचिप बसवल्या आहेत. पुण्यातल्या रोपवाटिकेत बियांपासून केलेलं मिळालं तर घ्या, आणि जुलैभर पागोळीखाली ठेवू नका. माझ्याकडे मुलीच्या जन्माच्या वर्षी पेरलेलं एक आहे. ती सातवीत गेली, ते माझ्या अंगठ्याहून थोडंच मोठं.

चँडलरची_सोलापूरकर

काका, ठिबक त्याच दिवशी बंद केलं. बुंधा कडक आहे, सगळीकडून दाबून पाहिला. लाल रंगाचा ठिपका टेकूच्या फळीमागे सापडला आणि तो पूर्वेकडे आहे! म्हणजे फिरवूनच लावलाय. भिंतही आहे, सहा फुटी, बरोबर मागे. शेडनेट शनिवारी येईल, तोवर जुनी सुती चादर बांधली आहे. सासूबाईंना तुमचं लिखाण वाचून दाखवलं. त्यांनी बादली कढीपत्त्याकडे वळवली.

बोगनवेल काढून तिथे पालो वेर्दे (इथलं हिरव्या खोडाचं वाळवंटी झाड) लावला तर चालेल का?

टूसॉनचे_काका

छान होईल. रानात सवारोचं बी बहुधा त्याच्याच सावलीत रुजतं. पण दोन फुटांवर नको, निदान दहा फूट लांब, नैऋत्येला. पहिलं वर्ष-दोन वर्षं त्याला पाणी लागेल, तेव्हा ठिबकचं तोंड सवारोपासून पलीकडे ठेवा. बोगनवेल ऑक्टोबरमध्ये काढा. आता तिथली माती उकराल तर सवारोची मुळं दुखावतील, ती चार-सहा इंचांवरच पसरलेली असतात.