गुप्त अधिकाऱ्यांनी कार्टेलचा, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळीचा, काळा पैसा स्वतः धुऊन (पांढरा करून) द्यावा का?

ताळेबंद: माझं मत, देऊ नये. अमेरिकेत टॅम्पाच्या कस्टम्सने 1986 ते 88 मध्ये चालवलेली 'सी-चेस' मोहीम घ्या. त्यांचा गुप्त अधिकारी रॉबर्ट मेझर 'बॉब मुसेला' या नावाने कोलंबियातल्या मेडेलिन या कोकेनच्या टोळीचा पैसा फिरवणारा व्यापारी बनला. बीसीसीआय या आंतरराष्ट्रीय बँकेतून सुमारे 1 कोटी 40 लाख डॉलर फिरले आणि मालकांपर्यंत बिनबोभाट पोचले. खोट्या लग्नाचं आमंत्रण देऊन आरोपींना पकडलं, हे सगळे रंगवून सांगतात. पोचलेल्या पैशाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

दर्यावर्दी: पहिली रक्कम पोचली नाही तर दुसरी कोण देईल? रस्त्यावरची विक्री वीसच्या नोटांत होते. दहा लाख डॉलर म्हणजे 50,000 नोटा, एक नोट साधारण एक ग्रॅम, म्हणजे 50 किलो ओझं. ते उचलायला माणूस लागतो. दलाल त्याला फोन नंबर, टोपणनाव आणि एखाद्या नोटेचा क्रमांक ठरवून देतो. क्रमांक जुळला की बॅग मिळते आणि ती नोट पावती म्हणून देणाऱ्याकडे राहते. आपल्या हवाल्यात दहाची नोट चालते, तोच प्रकार. तिथेच झडप घातलीत तर एक बॅग आणि एक हमाल हाती लागतो, बस्स.

बीसीसीआयचा बँकवाला सापडला तो पुढे. मेझरची माणसं पनामाच्या खात्याचे सह्या केलेले कोरे चेक कोलंबियात पाठवत. एका चेकवर अंकी आणि अक्षरी रक्कम जुळेना, म्हणून शाखेतून फोन आला. चेकपेक्षा एका देशात मुदत ठेव ठेवा आणि तिच्यावर दुसऱ्या शाखेतून कर्ज घ्या, हा मार्ग बँकवाल्यांनीच दाखवला. कागदावर दिसतं ते कर्ज, माग तुटतो.

ताळेबंद: आणि फळ काय? जानेवारी 1990 मध्ये बँकेने गुन्हा कबूल केला आणि दीड कोटी डॉलरच्या आत सुटली. म्हणजे फिरवलं साधारण तेवढंच भरलं. 5 जुलै 1991 ला टाळं लागलं ते बँक ऑफ इंग्लंडच्या पुढाकाराने, प्राइस वॉटरहाऊस या हिशेबतपासनीस कंपनीच्या अहवालावरून. मुंबईची शाखाही त्याच तडाख्यात गेली. चोपड्या तपासणाऱ्यांनी काम केलं, सोंग घेणाऱ्यांनी नाही.

कलमबहाद्दर: अर्धं खरं. बँक बुडवणं वेगळं आणि अधिकाऱ्याला 'हा कोकेनचा पैसा आहे हे मला ठाऊक होतं' या मुद्द्यावर दोषी ठरवणं वेगळं. चोपडी मनातलं सांगत नाही, गुपचूप रेकॉर्ड केलेली टेप सांगते. नोव्हेंबर 1988 पासून अमेरिकेत सरकारी पैसा 'अमली पदार्थांचा' म्हणून पुढे केला तरी सापळ्यातला आरोपी अडकतो. मात्र ते वाक्य टेपवर स्पष्ट हवं. 'साहेबांचा माल', 'कोलंबियातले मित्र' अशा आडवळणाने बोललात की बचावाचा वकील ज्यूरीसमोर तेवढंच वाजवून दाखवतो. गुप्त अधिकारी इथेच कच खातो: स्पष्ट बोललं तर गिऱ्हाईक बिचकतं, नाही बोललं तर खटला बिचकतो.

आपल्या पीएमएलएत, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्यात, 'भासवलेल्या' पैशाची अशी तरतूद नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 50 अ मध्ये मात्र मालाची खेप नजरेखाली पुढे जाऊ देता येते.

उंबरठा: टेपचं कौतुक पुरे, दलालीचं बोला. पैसा फिरवल्याबद्दल मिळणारं कमिशन मोहिमेच्याच खर्चाला वापरायची डीईएला, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेला, मुभा आहे. होसे इरिझारी या त्यांच्याच एजंटने खोटे अहवाल लिहिले आणि अशा मोहिमांचा पैसा आपल्या माणसांच्या खात्यांत वळवला. कोलंबियातल्या कार्ताहेनात घर घेतलं. डिसेंबर 2021 मध्ये 12 वर्षांहून जास्त शिक्षा झाली. त्याआधी, 2020 मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या तपासणीत दिसलं की काँग्रेसला (तिथल्या संसदेला) द्यायचे वार्षिक अहवाल डीईए वर्षानुवर्षं देतच नव्हती.

दर्यावर्दी: तो देखरेखीचा दोष. हुकूम देणारा आणि हिशेब लिहिणारा एकच माणूस ठेवला की पतपेढीतही हेच होतं. उचललेली रोकड दोघांनी मोजावी, पैसा जाणारं प्रत्येक खातं आधी तिसऱ्याने मंजूर करावं.

ताळेबंद: तिसरा कुठल्या देशाचा? 1998 च्या अमेरिकेच्या 'कासाब्लांका' मोहिमेत बँकोमेर आणि सेर्फिन या मेक्सिकोच्या बँकांपर्यंत हात पोचला, पण मेक्सिको सरकारला पत्ताच नव्हता. त्यांनी उलट अमेरिकेच्याच एजंटांवर खटल्याची भाषा केली.

कलमबहाद्दर: मेक्सिकोला सांगितलं असतं तर बँकवाले अमेरिकेतल्या नेवाडापर्यंत, सापळ्यात, आले असते का, तेवढं सांगा.