ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा: पुढे काय वाचू?

पानवेडी: 'रिडीमिंग लव्ह' दुसऱ्यांदा संपवली. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची गोष्ट, पण १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या धामधुमीत. पळून गेलेल्या बायकोला, एंजलला, नायक मायकेल परत आणायला जातो, तिथे दोन्ही वेळा रडले. नंतर घेतलेल्या दोन कादंबऱ्यांत मात्र नायक प्रेमात पडायचं सोडून प्रवचनच झोडतो! प्रवचन कमी, माणसं जास्त असं काही आहे का?

जुनाखोड: सिएन्कीविचची 'क्वो वादिस' घ्या. नीरोचं रोम, उर्मट विनिशियस आणि ख्रिस्ती लिगिया. गंमत म्हणजे सगळ्यात भाव खातो तो नीरोचा दरबारी पेट्रोनियस, आणि तो शेवटपर्यंत ख्रिस्ती होत नाही. सुरुवात संथ आहे, नेट धरा.

निवांत: जॅनेट ओकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली', १९७९ ची. नवरा गेलेली मार्टी आणि लहान मुलगी असलेला विधुर क्लार्क सोयीपुरतं लग्न करतात. प्रेम फार सावकाश येतं. प्रार्थना आहेत, पण घरातल्या कामांच्या ओघात.

पानवेडी: मग आधी मार्टी. नीरोला सुट्टीत बघते.