रिप्लाय: रिप्लाय: रविवारची अलेअर सहल – कचऱ्याचं नक्की काय?

प्रेषक: खजिनदार
काल परत तिघांचे फोन आले म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितेय. अलेअरला कचऱ्याचे डबे नसतात, न्यू जर्सीच्या स्टेट पार्कात आपला कचरा आपणच परत न्यायचा. गेल्या सहलीला सगळ्या पिशव्या एकाच गाडीत कोंबल्या, मिसळीचा कट सांडला, त्या सीटचा वास अजून गेलेला नाही. या वेळी प्रत्येक गाडीने एक पिशवी न्यायची आणि ताटं घरून स्टीलची आणायची. पेपर प्लेट मंडळ घेणार नाही.

प्रेषक: प्लेन्सबोरो
खरकटी स्टीलची ताटं घेऊन पाऊण तास गाडी चालवायची? लहान मुलं आहेत बरोबर. त्यापेक्षा मिसळच नको, पोळीभाजीचे रोल करा, फॉइलचा गोळा खिशात मावतो.

प्रेषक: स्वयंपाक समिती
मेन्यू समितीत ठरतो, लिस्टवर नाही. मटकी भिजत पडलीय. मिसळ होणार.

प्रेषक: काका, एडिसन
मिसळ करा नाहीतर रोल करा, पण वेळापत्रक बघा. गेल्या वेळी आधी छोटी ट्रेन, मग जेवण, मग अंताक्षरी, आणि तिथल्या जुन्या लोखंडाच्या भट्टीकडे आम्ही चौघंच गेलो. मी शिरोलीच्या फाउंड्रीत उमेदवारी केलीय, मला ते फार लागलं. जेम्स अलेअरने १८२२ मध्ये ही जागा घेतली, न्यूयॉर्कच्या कारखान्यात तो वाफेची इंजिनं बनवायचा आणि त्याला लोखंड हवं होतं. इथे डोंगरातली खाण नाही बरं का, झऱ्याच्या पाण्यात विरघळलेलं लोह दलदलीत हवा लागून गंजासारखं साचतं, तेच खणून काढायचे. भोवतालचं रान तोडून लोणारी कोळसा, भात्याला पाणचक्की. पुढे पेनसिल्व्हेनियात दगडी कोळशावर लोखंड स्वस्त निघायला लागलं आणि १८४६ च्या सुमारास भट्टी विझली. तिचा स्टॅक, म्हणजे भट्टीचा मनोरा, अजून उभा आहे. जेवणाआधी अर्धा तास द्या, मी समजावून सांगतो.

प्रेषक: फ्रीहोल्ड
काका, आमचं आजोळ साताऱ्याकडचं. महाबळेश्वरला धावड लोक असंच जांभ्याच्या दगडातून लोखंड काढायचे, आजी सांगायची. तिथेही कोळशापायी जंगल जायला लागलं म्हणून इंग्रजांनी बंदी आणली. मुलांना हे दोन्ही एकत्र सांगाल का?

प्रेषक: मराठी शाळा
सांगाच! आणि अलेअर स्वतःचं चलन छापून पगार द्यायचा, ते भट्टीच्या गावातल्या त्याच्याच दुकानात चालायचं, हेही. मोठ्या वर्गाला त्यावर अर्धं पान लिहायला देते. पण मुलं उपाशी असली की ऐकत नाहीत, आधी खाऊ द्या.

प्रेषक: स्वयंपाक समिती
खाऊ म्हणजे काय? चिवडा आमच्या यादीत नाही. मराठी शाळेने आणावा.

प्रेषक: मराठी शाळा
आणते. मोठ्या डब्यातून हातावर देईन, प्लेट नको.

प्रेषक: खजिनदार
बरं, साडेदहा भट्टी, मग ट्रेन, मग मिसळ. पिशव्यांबद्दल मात्र एकानेही उत्तर दिलेलं नाही. एकवीस गाड्या आहेत.

प्रेषक: फ्रीहोल्ड
मी सर्वांत जवळ राहतो आणि व्हॅन आहे, चार पिशव्या माझ्याकडे. कट आधी रिकाम्या बाटलीत ओतून झाकण लावा, मगच पिशवीची गाठ मारा. ताटं आम्ही स्टीलचीच आणतोय.

प्रेषक: प्लेन्सबोरो
ठीक आहे, एक पिशवी आमची. मुलांसाठी रोल मी घरून आणीन.