वैशाखातल्या उन्हात फॉन्डंटच्या फुलांचा केक : आतला पाया, फुले आणि प्रवास यांविषयी विचारणा

साखरपाकळी, अमळनेर

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाच्या लग्नाचा पहिला वाढदिवस यंदा आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात येतो आहे. वहिनी आखाजीसाठी माहेरी भुसावळला गेलेल्या असतील आणि दादा त्यांना आणायला जाईल तेव्हा केक सोबत घेऊन जाणार आहे. हृदयाच्या आकाराचा, पांढऱ्या फॉन्डंटने (साखरेच्या, कणकेसारख्या लाटता येणाऱ्या गोळ्याने) मढवलेला आणि वर लाल गुलाब असलेला केक त्याच्या मनात आहे. केक बिनअंड्याचा हवा आणि वहिनींच्या माहेरी जिलेटिनही चालत नाही.

क्रीमचे केक मी घरून नियमित करून देते, परंतु फॉन्डंटचा उपयोग आजवर केवळ नावाची पट्टी किंवा लहान मुलांच्या केकवरची चित्रे यांपुरताच केला आहे. संपूर्ण केक मढवणे आणि गुलाब घडवणे मला नवीन आहे. हृदयाच्या आकाराचा डबा माझ्याकडे नाही. घरात वातानुकूलन नाही, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे. गाडीत मात्र एसी आहे. फॉन्डंटखाली काय लावावे, फुले किती आधी करावीत आणि एवढ्या उन्हात हा केक भुसावळपर्यंत कसा न्यावा, याविषयी जाणकारांनी सविस्तर सांगावे.

आणखी एक गोष्ट सांगते. उन्हाळ्यात दादा बाजारातून येताना वहिनींसाठी मोगऱ्याचा गजरा आणतो आणि वहिनी तो रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतात, म्हणजे सकाळी पुन्हा माळता येतो. त्या दोघांचे असे काही केकवर दिसावे असे मला फार वाटते, पण नेमके काय करावे ते सुचत नाही.

तापीकाठ, भुसावळ

ताई, आपला केक आमच्याच गावी येणार आहे आणि इथला वैशाख कसा असतो हे मी वेगळे सांगायला नको. म्हणून आधी आतल्या पायाविषयी लिहिते, कारण फॉन्डंटचा केक बिघडतो तो बहुधा आतून बिघडतो, फुले तर शेवटची गोष्ट आहे.

व्हिप क्रीम या केकसाठी अजिबात वापरू नये. त्यातला ओलावा फॉन्डंटमधल्या साखरेत शिरतो, फॉन्डंट पाझरू लागते आणि मऊ क्रीमवर त्याचे वजनही पेलले जात नाही. बटरक्रीम थंड प्रदेशात ठीक आहे, परंतु लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते आणि आपल्याकडे एवढे तापमान सकाळी नाश्त्याच्या वेळीच झालेले असते. म्हणून गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीम यांचे मिश्रण, लावावे, तेही नेहमीपेक्षा घट्ट. पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटचे गनाश मी इतर वेळी ३ भाग चॉकलेटला १ भाग फ्रेश क्रीम असे करते, एप्रिल-मेमध्ये मात्र ४ भागांना १ भाग घेते. शुद्ध चॉकलेटमधले कोको बटर ३४ अंशांच्या सुमारास वितळते. कंपाउंडमध्ये त्याऐवजी वनस्पती चरबी असते आणि ती उन्हाळ्यात अधिक तग धरते, त्यामुळे चवीचा थोडा त्याग करूनही या दिवसांत कंपाउंडच घ्यावे असे माझे मत आहे.

केकसाठी कंडेन्स्ड मिल्कची पाककृती उत्तम, कारण तो केक दाट होतो आणि वजन सहन करतो. ४०० ग्रॅमचा एक डबा, २८० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम वितळलेले बिनमिठाचे लोणी, २ चहाचे चमचे बेकिंग पावडर, १ चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि मिश्रण सैल होईल एवढे, साधारण १५० ते २०० मिलिलिटर, दूध घ्यावे. वेलची घातली तर पांढऱ्या चॉकलेटचा गोडवा थोडा सौम्य वाटतो. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून घ्यावा.

हृदयाच्या डब्याची गरज नाही. ६ इंचांचा एक चौकोनी आणि ६ इंचांचा एक गोल केक समान उंचीचा भाजावा. त्यासाठी चौकोनी डब्यात मिश्रण थोडे अधिक ओतावे लागते. गोल केकचे बरोबर दोन अर्धे करून चौकोनाच्या लगतच्या दोन बाजूंना लावले की सुमारे १० इंच रुंदीचे हृदय तयार होते. सांधे गनाशने जोडून घ्यावेत आणि संपूर्ण केकवर गनाशचा गुळगुळीत थर देऊन तो रात्रभर घट्ट होऊ द्यावा. गनाशवर जिथे खड्डा राहील तिथे फॉन्डंटवरही खड्डा दिसेल, म्हणून या कामात घाई करू नये.

फॉन्डंट एक किलो हाताशी ठेवावे आणि ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे लाटावे. खूप जाड थर लोक काढून ताटाच्या कडेला ठेवतात. मढवताना फॉन्डंट प्रथम हृदयाच्या वरच्या खाचेत अलगद बसवावे, मग बाजू आणि सर्वांत शेवटी खालचे टोक. बाजू आधी बसवल्या तर खाचेपाशी फॉन्डंट ताणले जाऊन फाटते. आपल्या कोरड्या हवेत त्याच्या पृष्ठभागाला लगेच पापुद्रा धरतो आणि बारीक भेगा पडतात. मळताना हाताला थोडे वनस्पती तूप लावावे, न लागणारा गोळा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवावा आणि हे काम पहाटे करावे.

कूलरविषयी स्पष्टच सांगते. कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळून. त्या खोलीत फॉन्डंट चिकट होते आणि फुले कितीही दिवस ठेवली तरी कडक होत नाहीत. लाटण्याच्या आणि फुले वाळवण्याच्या वेळी तो बंद असावा, किंवा काम दुसऱ्या खोलीत करावे.

बहावा, धुळे

तापीकाठ यांनी पायाविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे काही नाही, म्हणून मी फक्त फुलांविषयी लिहिते.

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःच शेवटच्या परिच्छेदात दिले आहे. गुलाब कुणाच्याही केकवर असतो. मोगऱ्याचा गजरा फक्त या दोघांचा आहे. दादांच्या इच्छेचा मान राखून एका बाजूला दोन-तीन गुलाब ठेवावेत, परंतु हृदयाच्या कडेने मोगऱ्याचा गजरा फिरवावा. यात भावनेइतकेच व्यवहाराचेही कारण आहे. गुलाबाच्या पाकळीची कड कागदासारखी पातळ करावी लागते आणि जराशा दमटपणाने ती मान टाकते. मोगऱ्याची पाकळी छोटी आणि जाडसर असते, त्यामुळे प्रवासात ती टिकते आणि नवख्या हातालाही साधते.

फुलांसाठी नुसते फॉन्डंट चालत नाही. २५० ग्रॅम फॉन्डंटमध्ये सुमारे एक चहाचा चमचा टायलोज पावडर (फॉन्डंट कडक करणारी खाद्य भुकटी) मळून ते काही तास झाकून ठेवावे, म्हणजे फुले कडक वाळतात. मोगऱ्यासाठी टपोऱ्या हरभऱ्याएवढी गोळी घेऊन तिला एका बाजूने निमुळती करावी, जाड बाजूला बारीक कात्रीने सहा चिरा द्याव्यात आणि प्रत्येक भाग चिमटीत दाबून बोटाने बाहेर वळवावा. मधोमध याच पद्धतीचे आणखी लहान फूल पाण्याच्या थेंबाने बसवले की दुहेरी मोगरा होतो. कळ्यांना चिरा देऊ नयेत. सुरीच्या बोथट बाजूने त्यांच्यावर तिरप्या रेघा ओढाव्यात. देठाशी फिक्या हिरव्या खाद्यरंगाची भुकटी कोरड्या कुंचल्याने लावली की फूल जिवंत दिसू लागते, आणि इथे हात आखडता ठेवावा, कारण हिरवा थोडा जरी अधिक झाला तरी पांढरेपणा मळकट वाटतो. गजऱ्यात उमललेल्या फुलांपेक्षा कळ्या जास्त ठेवाव्यात. विकत मिळणारा गजराही संध्याकाळी तसाच असतो.

केळीबाग, रावेर

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. तयार फॉन्डंटच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे की नाही ते पाहावेच, शिवाय घटकांची यादीही वाचावी. मार्शमॅलोपासून घरी फॉन्डंट करण्याच्या ज्या कृती सर्वत्र फिरतात त्यांत बहुधा जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून मिळते, त्यामुळे ती वाट आपल्यासाठी नाही.

दुसरे म्हणजे, ऐन वेळी फुले कमी पडली तर अंगणातली खरी फुले केकवर ठेवण्याचा मोह होतो. कण्हेर विषारी आहे आणि चाफ्याच्या चिकाचा खाण्याच्या पदार्थाशी संबंध येऊ नये. हाराच्या दुकानातल्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते. त्यापेक्षा फॉन्डंटच्या कळ्या थोड्या अधिकच करून ठेवलेल्या बऱ्या.

साखरपाकळी, अमळनेर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. गजऱ्याची कल्पना वाचून मला इतका आनंद झाला की काल रात्रीच थोड्या कळ्या करून पाहिल्या. आता तीन शंका उरल्या आहेत. गुलाब नेमका कसा घडवावा आणि त्याचा लाल रंग गडद कसा आणावा? मढवलेला केक निघेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावा का? आणि गजरा केकवर लावूनच न्यावा की तिथे पोहोचल्यावर लावावा?

बहावा, धुळे

गुलाबासाठी पाकळीच्या उंचीपेक्षा थोडा आखूड शंकू करून तो टूथपिकवर एक दिवस आधी वाळवावा. पहिली पाकळी शंकूचे टोक पूर्ण झाकेल अशी गुंडाळावी, त्यानंतर ३, मग ५ पाकळ्या एकमेकींवर चढवत लावाव्यात आणि बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा किंचित मागे वळवाव्यात. पाकळीची कड प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये ठेवून अंगठ्याने दाबली की पातळ होते, त्यासाठी वेगळी हत्यारे घेण्याची गरज नाही. बाहेरच्या पाकळ्या लावण्यापूर्वी त्यांना चमच्याच्या खोलगट भागात थोडा वेळ ठेवले तर छान वाक येतो. फूल वाळले की टूथपिक फिरवून आठवणीने काढून टाकावी.

रंग जेलचाच घ्यावा, कारण पातळ रंगाने फॉन्डंट सैल पडते. लाल रंग एकदम गाठायला गेले तर फार रंग घालावा लागतो आणि चव कडवट होते. गडद गुलाबीवर थांबून गोळा रात्रभर झाकून ठेवावा, रंग आपोआप चढतो. वाळणारी फुले खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावीत, कारण गुलाबी छटा उजेडाने फिकट होतात.

तापीकाठ, भुसावळ

फ्रीजविषयी दुमत आढळते, परंतु माझे म्हणणे असे आहे की गनाश लावलेला केक फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही, मात्र मढवण्यापूर्वी तो बाहेर काढून त्याच्यावरचा गारवा उतरू द्यावा. मढवलेला केक आत ठेवायची वेळ आलीच तर जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोके लगेच उघडू नये. थंड फॉन्डंटला बाहेरची हवा लागली की त्याच्यावर दव धरते. तसे झालेच तर हात लावू नये आणि पुसूही नये, ओल आपोआप सुकते. फुले मात्र फ्रीजमध्ये कधीच ठेवू नयेत. ती चार-पाच दिवस आधी करून पुठ्ठ्याच्या डब्यात मोकळी ठेवावीत. हवाबंद डब्यात ती पुन्हा मऊ पडतात.

भुसावळला निघताना गाडी आधी एसी लावून गार करावी आणि केक सीटवर न ठेवता पायापाशी सपाट जागेवर ठेवावा, कारण सीट मागे कललेली असते आणि एवढ्या अंतरात केक त्या उतारावर सरकतो. गजरा केकवर लावून नेऊ नये. कळ्या वेगळ्या डब्यात न्याव्यात आणि वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा लहान कोन सोबत द्यावा. वहिनींच्या माहेरी पोहोचल्यावर तो कोन कोमट पाण्यात धरून दादांनी एकेक कळी चिकटवावी. सुरुवात खाचेपासून करण्यास त्यांना सांगावे. फॉन्डंटची जी काही सुरकुती राहिलेली असेल ती तिथेच असते आणि गजऱ्याची दोन्ही टोके तिथे आली की ती झाकली जाते.