आबांची नक्कल कशातून करणार?

गेलेल्या वडिलांच्या व्हॉट्सॅप मेसेजवरून त्यांच्यासारखा बोलणारा चॅटबॉट केला तर बिघडलं कुठं, असं एकानं विचारलंय. बिघडत काही नाही, पण त्यात घालणार काय? कोरियात 2020 साली एका टीव्ही वाहिनीनं व्हीआर (आभासी दृश्य दाखवणाऱ्या) चष्म्यातून एका आईला तिच्या गेलेल्या लेकीशी भेटवलं, तेही फोटो, व्हिडिओ आणि घरच्यांच्या आठवणींवरच. आमच्या आबांच्या फोनात नुसती शुभ सकाळची फुलं! खरं बोलणं कोल्हापुरात गंगावेशीत दूधकट्ट्यावर, निम्मं शिव्यांत. त्यातलं अक्षरही टाईप झालेलं नाही. बॉट म्हणणार, "काळजी घे बाळा." आबा असं बोलले असते तर आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं असतं. रेकॉर्डिंग असेल तर जरूर जपा. पण बॉटची वर्गणी थकली की आबा परत जाणार, तेव्हा आईला काय सांगायचं?