मुन्नारचं हॉटेल: पायऱ्या किती?

ओंकार (सी-३०१): मंडळी, मुन्नारचं हॉटेल घावलं! नाद खुळा डील. रात्रीला १,१५० रुपये, नाश्त्यासकट. खिडकीतनं चहाचा मळा दिसतोय. १६ ते १९ फेब्रुवारी, सात खोल्या. आज रात्री १२ च्या आत भरले तर अजून १० टक्के कमी. पैसे परत मिळणार नाहीत एवढंच. टाकू का बुक?

पाटीलकाका (ए-१०२): टाक की. विचारायलास काय.

देसाईवहिनी: आमचे तिघांचे धर.

प्रशांत, सेक्रेटरी: जरा थांबा. गणपतीत मांडववाल्याला असेच रात्री १२ च्या आत पैसे पाठवले होते, आठवतंय का? सगळ्यांनी आधी नीट बघा.

वैशाली (बी-२०४): ओंकार, मुन्नारला आपण कशासाठी निघालोय?

ओंकार: इरविकुलम नॅशनल पार्क. काकूंनी टीव्हीवर बघितलेल्या त्या डोंगरी शेळ्या.

सुमनकाकू (बी-२०१): शेळ्या म्हणू नको रे. नीलगिरी ताहर. कड्यावर कशी उभी राहतात बघितलंस काय? मला जिना उतरता येत नाही आणि ती कड्यावर.

वैशाली: तर ते ताहर फेब्रुवारी-मार्चमध्ये वितात. पिल्लं लहान असतात, म्हणून साधारण १ फेब्रुवारीपासून मार्चअखेरपर्यंत पार्क पर्यटकांना बंद असतं. एप्रिलला उघडतं. तुझं हॉटेल स्वस्त मिळेल, पण तिथनं आपण बंद गेट बघून येणार.

ओंकार: हा संदेश हटवला गेला

पाटीलकाका: काय हटवलंस रे? वाचायच्या आधीच.

ओंकार: काही नाही काका. स्वतःलाच शिवी दिली.

जोशीकाका (ए-३०३): वैशालीचं म्हणणं बरोबर आहे. थोडी माहिती देतो. इरविकुलमला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९७८ मध्ये मिळाला, क्षेत्र ९७ चौ. किमी. दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर अनमुडी, २,६९५ मीटर, तिथंच आहे. मुन्नार गावच दीड हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे ज्या उंचीवर आपण दमून फोटो काढतो, जवळजवळ त्या उंचीवर तिथं बाजारपेठ आहे. जानेवारीत पहाटे पारा शून्याजवळ जातो. तेव्हा गरम पाणी नाही म्हणणारं हॉटेल फुकट दिलं तरी नको.

देसाईवहिनी: काका, दिवाळीनंतर लगेच का नको? थंडी कमी असेल.

जोशीकाका: तिकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस जोरात असतो. सकाळी ऊन, दुपारनंतर गडगडाट. डिसेंबरअखेर नाताळची गर्दी. जानेवारीच्या मध्यावर पोंगल, तेव्हा अख्खं तमिळनाडू डोंगरावर. पोंगल झाल्यावर आणि २६ जानेवारीच्या आधी, आठवड्याच्या मधले दिवस धरा.

प्रशांत: चालतंय. गाडीचं मी बघितलंय. पूर्णा एक्सप्रेस आठवड्यातनं एकदा, शनिवारी रात्री पुण्याहून सुटते, रविवारी पहाटे मिरजेला. एर्नाकुलमला उतरायचं. तिथनं मुन्नार साधारण १३० किमी, घाट धरून चार तास. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची. परत येताना नेत्रावती, रत्नागिरीला उतरून आंबा घाटानं घरी.

पाटीलकाका: मिरजेपर्यंत सोडायला माझा पुतण्या येईल. हॉटेलचं बोला.

ओंकार: बरं, मग तेच हॉटेल जानेवारीत १,६५० ला मिळतंय. नावातच मुन्नार आहे. मुन्नारपासून ८ किमी लिहिलंय.

वैशाली: नावात मुन्नार सगळ्यांच्याच असतं. पत्ता वाच पत्ता.

ओंकार: बायसन व्हॅली.

पाटीलकाका: गवा बघायला केरळात कशाला? दाजीपूरला चला की, मी नेतो. येताना राधानगरीला मासे.

वैशाली: काका, ते गावाचं नाव आहे. आणि ओंकार, ८ किमी म्हणजे पक्षी उडत गेला तर. नकाशात रस्ता टाकून बघ, आणि किलोमीटर बघू नको, वेळ बघ. तिकडच्या घाटात तासाला २५ किमी झाले तरी खूप. पार्कचं गेट मुन्नारच्या दुसऱ्या बाजूला आहे, मरयूर रस्त्यावर, गावापासून ८-१० किमी. अनाचल, बायसन व्हॅली, चित्तिरपुरम ही सगळी खालच्या अंगाला. तिथं राहिलो तर रोज आधी गावातल्या कोंडीतनं जा आणि मग गेटकडं.

आत आपली गाडी नेता येत नाही. गेटवरनं वनखात्याची बस राजमलापर्यंत नेते, पुढं दीडेक किलोमीटर डांबरी वाटेनं चालायचं. सकाळी आठच्या सुमाराला गेट उघडतं. पहिल्या बसमध्ये बसलं तर ताहर अगदी वाटेवर येऊन चरताना दिसतात. दहा वाजता पोचलं तर रांगेतल्या माणसांच्या पाठी दिसतात. आम्हाला गेल्या वर्षी पाठी दिसल्या. हॉटेल निवडताना मी तरी हेच बघीन, सकाळी पावणेआठला गेटवर उभं राहता येईल की नाही.

तेजश्री (सी-१०४): वैशालीताई, तुम्ही गेल्या वर्षी कुठं उतरला होता? तेच घेऊया का?

वैशाली: नको गं बाई. आता विचारलंसच तर सांगते, जरा लांबेल.

ॲपवर ४.२ तारे. फोटोत पांढरीशुभ्र गादी, बाल्कनी, खाली दरी. दर १,३००. आम्ही रात्री साडेआठला पोचलो, धुकं इतकं की ड्रायव्हर खिडकीतनं डोकं बाहेर काढून रस्ता बघत होता. रिसेप्शन रस्त्याला लागून, छान दिवे, वेलचीचा चहा. म्हटलं, जिंकलो. मग पोऱ्यानं बॅगा उचलल्या आणि जिना उतरायला लागला. डोंगरउतारावरची हॉटेलं तशीच असतात हे मला माहीत नव्हतं. रिसेप्शन सगळ्यात वर, आणि 'तिसरा मजला' म्हणजे तीन मजले खाली! बाहेरनं जाणारा सिमेंटचा जिना, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. शेवाळानं हिरवा झालेला. बल्ब दोन, त्यातला एक गेलेला. सासूबाई पायरीवर बूड टेकून, एकेक पायरी सरकत खाली आल्या. मी मोजल्या, ६४ पायऱ्या. सकाळी नाश्ता वरती. म्हणजे पुन्हा ६४ चढायच्या. दुसऱ्या दिवशी त्या खोलीतनं बाहेरच पडल्या नाहीत. बाल्कनीत शाल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जा, मला हितनं दरी दिसती.

खोलीला कुबट वास, टॉवेल तीन दिवसांत वाळला नाही. गरम पाणी सकाळी ६ ते ८. पण ते सगळं चाललं असतं. पायऱ्यांचं मात्र कुणीच आधी सांगत नाही, आणि ॲपवर तसा रकानाच नसतो. घरी आल्यावर तक्रार लिहिली तर उत्तर आलं, 'आमचा व्ह्यू अप्रतिम आहे, पुन्हा या.'

सुमनकाकू: अगं बाई. सासूबाईंनी एवढं सोसलं आणि खाली पार्किंगमध्ये भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, सहल फार छान झाली.

वैशाली: त्या तशाच आहेत काकू.

सुमनकाकू: मग मी येत नाही. तुम्ही जाऊन या. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको. गुडघ्याचं काय, आज बरा, उद्या नाही.

प्रशांत: काकू, ताहर तुम्ही काढलेत. तुम्ही नाही तर सहल नाही. वैशाली, गावातलं काही बघूया का?

तेजश्री: मला एक भारी सापडलं. मुन्नारच्या केएसआरटीसी, म्हणजे केरळच्या एसटीच्या, डेपोत जुन्या बस उभ्या करून आत झोपायला बर्थ केलेत. २०२० मध्ये चालू केलं तेव्हा रात्रीला १०० रुपये होते.

पाटीलकाका: आयुष्यभर एसटीत झोपत आलोय. सुट्टीत पण एसटीतच झोपायचं व्हय?

जोशीकाका: एकट्या पोराटोरांना ठीक. आपल्याला संडास-बाथरूम खोलीतच पाहिजे.

ओंकार: चिन्नकनालला लई भारी रिसॉर्ट आहेत, २,००० च्या आत. एकदम शांत. शेकोटी पण.

जोशीकाका: चिन्नकनाल हत्तींचा पट्टा आहे. अरिकोम्बनचं नाव ऐकलं असशील. अरि म्हणजे तांदूळ, कोम्बन म्हणजे सुळेवाला. रेशन दुकानं फोडून तांदूळ खायचा. एप्रिल २०२३ मध्ये बेशुद्ध करून पेरियारला नेला, तिथनं तो तमिळनाडूत एका गावात शिरला, मग जूनमध्ये आणखी दक्षिणेला नेऊन सोडला. तो गेला तरी बाकीचे हत्ती आहेत तिथंच. रात्री जेवायला बाहेर पडायचं नाही, हे आधी कबूल असेल तर घ्या. शिवाय मुन्नारवरनं तिकडं जाणारा गॅप रोड पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो.

देसाईवहिनी: माझं माहेर आजऱ्याचं. हत्ती ऊस तुडवून जातो तेव्हा काय होतं ते मला सांगू नका. चिन्नकनाल रद्द.

पाटीलकाका: उसावरनं आठवलं. ते मरयूर म्हणताय, तिथं गूळ करतात म्हणे?

जोशीकाका: करतात. मरयूरच्या गुळाला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. डोंगराच्या पलीकडं पाऊस कमी, तिथं ऊस. गूळ हातानं वळून गोळे करतात, आपल्यासारख्या ढेपा नाहीत.

पाटीलकाका: गोळे! आपल्या कोल्हापुरी गुळाला पण जीआय आहे. ढेप बघितली की कळतं गूळ कुठला. तरी बघायला पाहिजे एकदा, रंग आणायला काय घालतात ते. मरयूरलाच राहूया की. स्वस्त असेल.

वैशाली: काका, स्वस्त आहे आणि थंडीही कमी. पण मुन्नारपासून ४० किमी. एक दिवस जाऊन येऊ, पार्क बघून तसंच पुढं. एकाच रस्त्यावर आहे, वाटेत चंदनाचं जंगल लागतं. राहायचं मात्र गेटजवळ.

देसाईवहिनी: आणि ती बारा वर्षांनी फुलणारी निळी फुलं?

जोशीकाका: नीलकुरिंजी. २०१८ ला फुलली, आता २०३०. आपल्या कारवीच्याच कुळातली. तेव्हा दुसरी सहल काढू, मी असलो तर.

प्रशांत: काका, असं बोलायचं नाही.

कुणाच्या नळाला पाणी येत नसेल तर ते मेंटेनन्स ग्रुपवर टाका, इथं नको. दोघांनी मला वेगळा मेसेज केलाय.

वैशाली: मी एक काम केलं. दुपारी चार लॉजना सरळ फोन लावले. गावातली तीन आणि जुन्या मुन्नारमधलं एक. ॲपवर दर बघायचा आणि फोनवर बाकीचं विचारायचं. गाडी दारापर्यंत येते का, सतरा सीटरला जागा आहे का, ड्रायव्हरला झोपायची सोय आहे का (नसेल तर तो गाडीत कुडकुडत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी घाटात डुलक्या काढतो), गरम पाणी किती ते किती, सकाळी सातला नाश्ता बांधून देणार का. आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती.

दोघांनी पायऱ्यांचं उत्तर 'नो प्रॉब्लेम मॅडम' असं दिलं. ती दोन्ही काटली. तिसऱ्याची गाडी बाजारातच थांबते, बॅगा उचलून चालत जायचं. जुन्या मुन्नारमधला मॅनेजर म्हणाला, थांबा, मोजून सांगतो. खरंच फोन चालू ठेवून गेला. चपलांचा आवाज ऐकू येत होता. परत आला आणि म्हणाला, इलेव्हन.

व्ह्यू काही नाही. समोर रस्ता आणि एक टायरचं दुकान. फोटो त्यानं आत्ताच काढून पाठवलेत, टाकते. गादीवर घडी घातलेली रजई दिसतेय ती जाड आहे, तेवढं मी विचारलंय.

ओंकार: दर?

वैशाली: १,८००, सीपी. म्हणजे नाश्ता धरून. जादा गादी ४००. जीएसटी वेगळा. एक दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर टोकन परत, तसं लिहून मागितलंय.

जोशीकाका: ७,५०० पर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झालाय, आधी १२ होता. त्यानं १२ लावला तर मला सांगा. आपण १७ जण. पाच खोल्यांत तिघं-तिघं, एकीत दोघं. सहा खोल्या, तीन रात्री, ३२,४००. पाच गाद्यांचे ६,०००. त्यावर कर १,९२०. एकूण ४०,३२०. माणशी साधारण २,३७२. ओंकारचं हॉटेल दिसायला स्वस्त, पण रोज त्या घाटात वर-खाली केल्यावर ट्रॅव्हलरवाला जादा किलोमीटर लावतो ते धरलं का?

ओंकार: नव्हतं धरलं. पण टायरचं दुकान बघायला केरळात...

पाटीलकाका: पंक्चर निघालं तर बरंच की रे.

देसाईवहिनी: आमचं तिघांचं कायम. मी खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी घेते. तिकडच्या खोबरेल तेलातल्या भाजीला तेवढाच आधार.

प्रशांत: बहुमत जुन्या मुन्नारला दिसतंय. पार्कची तिकिटं ऑनलाइन आधी काढायची, ते ओंकारकडं. सगळ्यात सकाळची वेळ मिळाली पाहिजे. टोकन माणशी ५०० उद्या रात्रीपर्यंत माझ्या नंबरवर. सगळ्यांचं आधार लागेल. काकू, तुमचं नाव लिहू ना?

पाटीलकाका: काकूंचं लिही रे आधी.

प्रशांत: काकू?

सुमनकाकू: वैशू, अकरा पायऱ्या चालतील. येतो मी. पण त्या माणसाला परत एकदा फोन लाव आणि विचार, धरायला कठडा आहे काय. आणि असला तर कुठल्या बाजूला. माझा डावा गुडघा दुखतो.